गाठ कापून बघायची : फेब्रुवारीतले खाण्याचे दिवस

आमच्या लॅबच्या कॉफीच्या खोलीत फ्रिजवर एक छापील कॅलेंडर लावलेलं आहे. त्यावर सण नाहीत, सुट्ट्या नाहीत, फक्त खाण्याचे दिवस आहेत. 1 फेब्रुवारी डार्क चॉकलेट, 5 फेब्रुवारी न्यूटेला, 9 फेब्रुवारी पिझ्झा, 13 फेब्रुवारी टॉर्टेलिनी, 22 फेब्रुवारी मार्गारिटा, 27 फेब्रुवारी स्ट्रॉबेरी. पहिल्या शनिवारी तर चक्क नाश्त्याला आइस्क्रीम. नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये राहिलं की या महिन्याचं दुःख कळतं. बाहेर उणे पंचवीस, चार वाजताच उजेड मलूल, शेतं बर्फाखाली आणि आम्ही सगळे ग्रीनहाऊस ते लॅब आणि लॅब ते ग्रीनहाऊस. अशात कुणी केक आणला तर कारण कोण विचारतो?

मी विचारलं. पीएचडीचा तिसरा हिवाळा असला की माणूस असल्या गोष्टींत शिरतो, कारण थीसिसमध्ये शिरायचं नसतं. तर आजची पोस्ट या कॅलेंडरचं परीक्षण आहे. एखाद्या पुस्तकाचं करतात तसं. पण आधी पाच मिनिटं माझ्या कामाबद्दल, कारण परीक्षणाचं हत्यार तिथूनच घेतलं आहे.

मी कडधान्यांच्या मुळांवर काम करतो. हरभरा, वाटाणा, तूर उपटून बघितलीत तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यात रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत नायट्रोजन भरपूर आहे, सुमारे 78 टक्के, पण त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका पक्का असतो की झाडाला तो वापरता येत नाही. खत कारखान्यात हाच बंध तोडायला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. गाठीतला जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतो. अर्थात फुकट नाही. झाड त्याला साखर पुरवतं, तो झाडाला नत्र देतो. रोखठोक व्यवहार.

आता गंमत अशी, की सगळ्या गाठी काम करत नाहीत. काही जिवाणू गाठ बांधून घेतात, झाडाची साखर खातात आणि नत्र जवळजवळ देतच नाहीत. वरून बघून पक्कं सांगता येत नाही, म्हणून आम्ही गाठ ब्लेडने कापतो. आतून गुलाबी असेल तर चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लांबचा भाऊ. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसता फुगवटा. शेतावरच्या शेतकऱ्यालाही ही चाचणी करता येते, नखाने.

फ्रिजवरच्या कॅलेंडरचंही मी तेच करायचं ठरवलं. एकेक दिवस घ्यायचा, कापायचा आणि बघायचं : ही तारीख का? हा दिवस कुणाचा? आणि तो पाळल्यामुळे कुणाला काही मिळतं का, की नुसतीच साखर खातो?

आधी 'नॅशनल' या शब्दाकडे बघू. आपल्याला वाटतं अमेरिकेच्या सरकारने ठरवलं असेल. काही दिवस खरंच सरकारी आहेत. रोनाल्ड रेगन यांनी 1984 मध्ये जुलै हा आइस्क्रीमचा महिना म्हणून जाहीर केला होता, आणि त्याच वर्षी 6 मार्चला गोठवलेल्या अन्नाचा दिवससुद्धा. पण त्या काळात संसदेत असल्या दिवस-आठवड्यांचे ठराव इतके बोकाळले की 1995 मध्ये प्रतिनिधिगृहाने असे ठराव मांडण्यावर नियमानेच बंदी घातली. थोडक्यात, मैदान मोकळं झालं. वार्षिक संदर्भग्रंथ म्हणाल तर मिशिगनच्या विल्यम चेस यांनी 1957 मध्ये सुरू केलेलं दिवसांचं पुस्तक होतंच. इंटरनेट आल्यावर मात्र पुस्तक मागे पडलं आणि वेबसाइट्स पुढे आल्या.

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'नॅशनल डे कॅलेंडर'. 2013 मध्ये मार्लो अँडरसन नावाच्या गृहस्थाने पॉपकॉर्न दिवसाच्या कुतूहलातून ब्लॉग म्हणून ती सुरू केली. आज कंपन्या आणि संघटना अर्ज करतात, शुल्क भरतात आणि निवड झाली की त्यांच्या नावाचा दिवस जाहीर होतो. ही वेबसाइट कुठून चालते? न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही. मँडन, नॉर्थ डकोटा. फार्गोहून हायवेने सरळ पश्चिमेला तीन तास. माझ्याच राज्यातून अख्ख्या देशाची 'राष्ट्रीय' पंचांगं निघतात हे कळल्यावर मी कॉफी सांडायचा राहिलो.

बरं, आता कापायला घेऊ.

पिझ्झा, 9 फेब्रुवारी. हा दिवस कुणी सुरू केला याचा धड पत्ता नाही. तारखेला काही कारण नाही. आधी याच तारखेला बेगलचाही दिवस होता. काही वर्षांपूर्वी एका ब्रेड कंपनीच्या पुढाकाराने बेगल उचलून 15 जानेवारीला नेला, म्हणजे पिझ्झाच्या गर्दीत तो हरवू नये. जो सण गाडीसारखा दुसऱ्या जागी पार्क करता येतो, तो कुठेच उगवलेला नसतो. पांढरी गाठ. पिझ्झा मी खाल्ला, तीन तुकडे, तो भाग वेगळा.

न्यूटेला, 5 फेब्रुवारी. ही गोष्ट जरा जास्त बोलकी आहे. मुळात न्यूटेलाच्या घराण्याला स्वतःचं कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कोको मिळेना, पण पिडमाँट भागात हेझलनट भरपूर. तेव्हा आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो यांनी 1946 मध्ये हेझलनट घालून कोको पुरवला. त्यातून पुढे 1964 मध्ये न्यूटेला आलं. टंचाईतून निघालेला पदार्थ, आपल्या शेंगदाण्याच्या कुटासारखा. दिवस मात्र 2007 मध्ये सारा रोसो या इटलीत राहणाऱ्या अमेरिकन ब्लॉगर बाईंनी हौसेने सुरू केला. लोक पाककृती पाठवायचे, फोटो टाकायचे. 2013 मध्ये कंपनीने त्यांनाच वकिलाची नोटीस धाडली, की आमचं नाव वापरणं बंद करा. चाहते चिडले, कंपनीने माघार घेतली आणि 2015 मध्ये हा दिवस रीतसर कंपनीच्या ताब्यात गेला. ही गाठ सुरुवातीला गुलाबी होती असं मी म्हणेन. एका बाईची हौस तिच्यात होती. आता साखर कुठे जाते ते उघड आहे.

स्ट्रॉबेरी, 27 फेब्रुवारी. इथे माझी फजिती झाली. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ आणि भिंतीवर स्ट्रॉबेरी! मी हसत-हसत टीका लिहून टाकली होती की कॅलेंडरवाल्यांना ऋतू कळत नाहीत. मग आठवलं, फेब्रुवारीत महाबळेश्वर-पाचगणीला काय चालू असतं? आणि अमेरिकेतही फ्लोरिडातल्या प्लँट सिटी भागात हाच ऐन हंगाम. तिथे 1930 पासून फेब्रुवारी-मार्चमध्ये स्ट्रॉबेरीची जत्रा भरते. म्हणजे तारीख चुकीची नव्हती, माझी खिडकी चुकीची होती. लिहिलेला परिच्छेद खोडला. हा धडा पुढे लक्षात ठेवा, कारण खिडकी फार जणांची चुकते.

आणि आता नाश्त्याला आइस्क्रीम, फेब्रुवारीचा पहिला शनिवार. यादीत हा सगळ्यात चहाटळ वाटतो ना? मलाही वाटला होता. पण याचा जन्म अगदी स्पष्ट माहीत आहे. 1966 चा हिवाळा, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, प्रचंड हिमवादळ. फ्लोरेन्स रॅपापोर्ट यांची मुलं घरात कोंडून कंटाळली होती आणि थंडी-थंडी म्हणून कुरकुरत होती. आई म्हणाली, चला, मग आज नाश्त्याला आइस्क्रीमच खाऊ. पुढच्या वर्षी मुलांनी आठवण करून दिली, त्याच्या पुढच्या वर्षी परत, आणि घरातली गंमत नातलग, मित्र, परदेशी गेलेली नातवंडं असं करत देशोदेशी पोचली. कुठली कंपनी नाही, कुणाला शुल्क नाही. तारखेला कारण आहे : थंडीचा कडेलोट. दिवस कुणाचा हे ठाऊक आहे : कंटाळलेल्या पोरांचा. कापली तर आत गर्द गुलाबी.

इथवर वाचून काही जण म्हणतील, हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याकडे बघा सण कसे शास्त्रोक्त असतात. थांबा. 'तीळ उष्ण, म्हणून संक्रांतीला' असले फॉरवर्ड मीही घरच्या ग्रुपवर वाचतो, आणि त्यातलं अर्धं शास्त्र त्याच दिवशी सकाळी तयार झालेलं असतं. सण जुना म्हणून गुलाबी आणि नवा म्हणून पांढरा, असं मी मानत नाही. रॅपापोर्टबाईंचा दिवस माझ्या बाबांपेक्षा लहान आहे.

पण हो, मी लातूरकडचा आहे, त्यामुळे हिवाळ्यातला खाण्याचा दिवस म्हटलं की डोळ्यासमोर एकच येतो : वेळ अमावस्या. आमच्या तोंडी येळवस. डिसेंबर-जानेवारीत येणारी मार्गशीर्ष अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या पट्ट्याबाहेर फार जणांना माहीत नसते. त्या दिवशी गावं आणि शहरंसुद्धा ओस पडतात, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप उभारायची, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, वाल, जे शेतात आत्ता आहे ते सगळं चिंच-बेसनात शिजवलेलं. ज्याचं शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारतो. हे गोड चित्र पुरं करायचं तर हेही सांगितलं पाहिजे की आदल्या रात्री घरातल्या बायका जवळजवळ झोपत नाहीत. गाठ गुलाबी आहे, पण साखर कोण पुरवतं तेही बघायला हवं.

आता या कॅलेंडरवर नसलेली एक तारीख. पिझ्झाच्या दुसऱ्याच दिवशी, 10 फेब्रुवारीला, जागतिक कडधान्य दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळलं, मग डिसेंबर 2018 मध्ये ठराव झाला आणि 2019 पासून हा दिवस सुरू आहे. त्यामागची कारणं सगळी खरी आहेत, माझा थीसिस त्यांच्यावरच उभा आहे : प्रथिनं, कमी पाणी, जमिनीला नत्र. आणि यंदा सोमवारी आमच्या लॅबमध्ये पिझ्झा आला, मंगळवारी उरलेला पिझ्झा गरम केला गेला आणि कडधान्यांच्या मुळांवर पीएचडी करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला त्या दिवसाची आठवण दुपारी विभागाच्या ईमेलने करून दिली. ईमेलमध्ये रंगीत डाळींचा सुंदर फोटो होता. सहा वाट्या, लाकडी टेबल. माणूस एकही नव्हता.

तो फोटो बघून मला मामा आठवला.

2015 च्या दिवाळीच्या आसपास तुरीची डाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती, आठवतं? सगळीकडे ओरड. मग शेतकऱ्यांना सांगितलं गेलं, तूर लावा. 2016 मध्ये पाऊसही चांगला झाला आणि तूर अशी आली की ठेवायला जागा नाही. तेच आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष! हमीभाव होता बोनससह 5,050 रुपये क्विंटल, मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली मागत होते. म्हणून सगळे सरकारी खरेदी केंद्रांवर गेले. एप्रिल 2017 मध्ये मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामा तूर घेऊन केंद्रावर गेला तो परतच येईना. मी डबा घेऊन गेलो. ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत. मामा पोत्यांवर चादर टाकून बसला होता. विचारलं, काय झालं? म्हणाला, "बारदाना नाही म्हणलालेत." तूर होती, वजनकाटा होता, माणसं होती, पण भरायला पोती नव्हती. त्याचा नंबर लागायच्या आत खरेदी बंद झाली. पुढे परत सुरू झाली, पण मामाने तोवर मोंढ्यात मिळेल त्या भावाने देऊन टाकली होती. त्याला मी आजवर सांगितलेलं नाही की त्याआधीचं अख्खं वर्ष जगाने त्याच्या पिकाच्या सन्मानार्थ पाळलं होतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी भज्जी केली. भारतीय दुकानातले गोठवलेले सोले आणि हिरवा हरभरा, फार्गोचा वाटाणा, बेसन, चिंच, लसूण-मिरची. उंडे काही जमण्यातले नव्हते, म्हणून भात. बुधवारी डबा लॅबमध्ये ठेवला आणि वर चिठ्ठी लावली : काल कडधान्य दिन होता.

आमच्या लॅबच्या टेक्निशियनबाई पन्नाशीच्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, तुमच्याकडे हे कोण पिकवतं? मी मामाची गोष्ट सांगितली, रांगेची, बारदान्याची. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "2017? त्याच हिवाळ्यात आमचा वाटाणा कोठ्यांमध्ये पडून राहिला."

त्यांच्या माहेरची शेती राज्याच्या वायव्येला आहे. नॉर्थ डकोटा आणि शेजारचं मोंटाना ही अमेरिकेतली वाटाणा-मसुराची मोठी राज्यं. तिथला पिवळा वाटाणा भारतात जायचा. तोच, ज्याचा रगडा होतो. इकडे तूर पडली, देशात डाळींचा ढीग झाला, तेव्हा नोव्हेंबर 2017 मध्ये भारताने पिवळ्या वाटाण्यावर 50 टक्के आयात शुल्क लावलं. मागणी आटली, भाव उतरले. मामा केंद्रावर रांगेत आणि त्यांचे वडील कोठ्या भरून बसलेले, एकाच गोष्टीची दोन टोकं. पुढे डिसेंबर 2023 मध्ये तेच शुल्क शून्यावर आलं. तेव्हा इकडच्यांना बरं वाटलं असणार, आणि तिकडे हरभरा-तूरवाल्यांच्या पोटात गोळा आला.

तीन वर्षं आम्ही एका टेबलावर मुळं धुतली. गाठी मोजल्या, कापल्या, रंग नोंदवले. हे एकमेकांना कधी बोललो नव्हतो. डब्यामुळे बोललो.

म्हणून माझ्या परीक्षणाचा निकाल असा. फ्रिजवरचं कॅलेंडर वाईट आहे ते चहाटळ आहे म्हणून नाही. चहाटळपणा हवाच, फेब्रुवारीत तर औषधासारखा हवा. ते वाईट आहे कारण त्यात खाणारा आहे, विकणारा आहे, पिकवणारा नाही. मँडनच्या आसपासच्या राज्यात जे पिकतं त्याचीही त्याला खबर नाही. आणि कडधान्य दिन चांगल्या हेतूचा असूनही त्याच खिडकीतून बघतो : सहा वाट्या, लाकडी टेबल. त्याला मी पांढरी गाठ म्हणणार नाही. पण 10 फेब्रुवारीच्या त्या ईमेलमध्ये पाककृतीसोबत गेल्या वर्षी तुरीला, वाटाण्याला, मसुराला शेतात काय भाव मिळाला एवढी एक ओळ आली, तर रंग जरा चढेल. ती ओळ लिहायला ठराव लागत नाही. पुढच्या वर्षीचा ईमेल मी लिहीन असं विभागात सांगून ठेवलं आहे.

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर 10 तारखेच्या चौकोनात आता कुणीतरी पेनाने लिहिलंय, 'भज्जी'. स्पेलिंग चुकलंय. टेक्निशियनबाईंचं अक्षर आहे.

पुढच्या पोस्टमध्ये : काही जिवाणू फुकट खातात हे झाडाला कळतं का? (कळतं. आणि झाड त्यांची रसद तोडतं.) तोवर कुणाच्या शेतात हरभरा उभा असेल तर एक रोप उपटून गाठ कापा आणि रंग काय निघाला ते मला कळवा.